कंसानंतरचे प्रश्नचिन्ह



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांनी हयातभर व्याकरण शिकविले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून जो विषय मी आज आपणापुढे मांडणार आहे, तो वरवर पाहता अगदी लहान, दोन चिन्हांएवढाच आहे: उघडणारा कंस आणि त्याला लागून येणारे प्रश्नचिन्ह. संगणकावर मजकुराचा शोध घेण्यासाठी जी सांकेतिक लिपी वापरतात, जिला रेग्युलर एक्स्प्रेशन असे म्हणतात, तिच्यात ही दोन चिन्हे १९९४ पासून एकत्र नांदत आहेत. आणि त्यांच्या मागोमाग येणारे तिसरे, क्वचित चौथे चिन्ह पाहून त्या संपूर्ण कंसाचा अर्थ ठरतो. ही लिपी चालविणाऱ्या तयार आज्ञावलीला लायब्ररी म्हणतात, आणि हा अर्थ लावण्याचे काम तिच्यातील ज्या भागाकडे असते त्याला पार्सर. हा पार्सर आपले काम कसे करतो, आणि त्या कामात नकार देण्याला केवढे महत्त्व आहे, हे सांगणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, कोणत्याही संकेतलिपीची वाढ तिने काय स्वीकारले यावर जितकी अवलंबून असते तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, तिने काय स्पष्टपणे नाकारले यावर अवलंबून असते.

१

या लिपीचा उगम संगणकाच्या व्यवहारात झालेला नाही. १९४३ मध्ये वॉरन मॅक्‌कलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील मज्जापेशींच्या जाळ्याचे एक तर्कशास्त्रीय प्रतिमान मांडले. अशी जाळी कोणकोणते घटनाक्रम ओळखू शकतील या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकन गणिती स्टीव्हन क्लीनी यांनी रँड संस्थेसाठी १९५१ मध्ये एक टिपण लिहिले, जे १९५६ मध्ये ग्रंथात समाविष्ट होऊन प्रसिद्ध झाले, आणि त्या टिपणात एकामागून एक येणे, अनेकांपैकी एक येणे आणि पुन्हापुन्हा येणे या तीनच क्रियांवर आधारलेले एक लहानसे बीजगणित त्यांनी उभे केले. १९६८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्पसन यांनी हे बीजगणित मजकूर शोधण्याच्या कामी जुंपले. त्यांच्या पद्धतीत पहिला टप्पा या लिपीत लिहिलेल्या ओळींपैकी, म्हणजे नमुन्यांपैकी, अशुद्ध असतील ते गाळून टाकी, दुसरा टप्पा शुद्ध नमुन्याची मांडणी अशी बदली की प्रत्येक क्रियेचे चिन्ह तिच्या पदांच्या नंतर यावे, आणि तिसरा टप्पा त्यातून आयबीएम ७०९४ या यंत्राची आज्ञावली निर्माण करी. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दुसरा टप्पा ओलांडल्यावर कंस उरतच नसत. कोणत्या पदाला कोणती क्रिया लागू करावयाची एवढे सांगितले की कंसाचे कर्तव्य संपे. यंत्रापर्यंत त्याची कसलीही खूण पोचत नसे.

पुढे युनिक्सच्या ‘एड’ या संपादकात कंसाला दुसरे कर्तव्य मिळाले. कंसातील नमुन्याला जो मजकूर जुळला, तो लक्षात ठेवून नंतर क्रमांकाने त्याचा उल्लेख करण्याची सोय झाली. पहिल्या कंसाला जुळलेला शब्द लगेच पुन्हा आला आहे काय, असा प्रश्न त्यामुळे विचारता येऊ लागला. दुबार छापले गेलेले शब्द हुडकून काढणाऱ्या मुद्रितशोधकाला ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगावयास नको. पण त्याबरोबर एकाच चिन्हावर दोन भिन्न जबाबदाऱ्या येऊन पडल्या: पदे एकत्र बांधणे आणि जुळलेला मजकूर नोंदून ठेवणे. ज्याला नुसते बांधावयाचे आहे त्यालाही नोंद घ्यावीच लागे, आणि नोंदीचे क्रमांक उघडणाऱ्या कंसांच्या क्रमाने पडत असल्यामुळे नमुन्याच्या आरंभी एखादा नवा कंस घातला की पुढील सर्व क्रमांक एकाने सरकत, आणि त्या क्रमांकांवर विसंबून लिहिलेली सारी आज्ञावली निमूटपणे चुकीचे उत्तर देऊ लागे.

२

१९८६ मध्ये टोरांटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी या लिपीची एक लायब्ररी लिहून सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून दिली. तिच्यातील पार्सर चार उपक्रमांचा, म्हणजे चार लहान आज्ञावलींचा, आहे आणि ते चार उपक्रम म्हणजेच त्या लिपीचे चार थर आहेत. पहिला उपक्रम उभ्या रेषेने विभागलेले पर्याय वाचतो. दुसरा एका पर्यायातील एकामागून एक येणारे खंड वाचतो. तिसरा एक पद वाचून त्याच्यापुढे पुनरावृत्तीचे चिन्ह आहे काय ते पाहतो. आणि चौथा ते पद, म्हणजे एखादे अक्षर, अक्षरांचा संच किंवा कंस, प्रत्यक्ष उचलतो. चौथ्या उपक्रमाला उघडणारा कंस दिसला की तो पुन्हा पहिल्याला पाचारण करतो, आणि अशा रीतीने कंसात कंस, त्यात आणखी कंस, अशी कितीही खोल रचना चारच उपक्रमांच्या परस्परसाहाय्याने वाचली जाते. स्वतः रेग्युलर एक्स्प्रेशनला, तिच्या मूळ गणिती अर्थाने, हे काम करता येत नाही. कितीही खोल गेलेल्या कंसांचा मेळ घालावयाचा तर किती उघडले याची अमर्याद आठवण हवी, आणि तशी आठवण या लिपीच्या मूळ यंत्रापाशी नसते. नोम चॉम्स्की यांनी भाषांची जी श्रेणी लावली तिच्यात कंसांची भाषा एक पायरी वर बसते. म्हणून या लिपीचे वाचन करण्यासाठी तिच्याहून समर्थ असा पार्सर लागतो.

स्पेन्सर यांच्या चौथ्या उपक्रमात एक लहानशी तरतूद आहे. जेथे पद यावयास हवे तेथे प्रश्नचिन्ह, अधिकचिन्ह किंवा तारका आली, तर पार्सर तेथेच थांबतो आणि या चिन्हांच्या आधी काहीच नाही असा शेरा मारून नमुना फेटाळतो. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘मागील पद असेल वा नसेल’. मागे पदच नसेल तर त्या चिन्हाला अर्थ नाही, आणि जेथे अर्थ नाही तेथे स्पेन्सर यांनी अर्थाची कल्पना केली नाही. उघडणाऱ्या कंसानंतर लगेच प्रश्नचिन्ह आले तर हाच निवाडा लागू होई. लॅरी वॉल यांनी आपल्या पर्ल भाषेत रेग्युलर एक्स्प्रेशनचे जे इंजिन बसविले ते स्पेन्सर यांच्याच लायब्ररीवरून बेतलेले होते. त्यामुळे हा नकारही वारशाने पर्लकडे आला.

पर्लची पाचवी आवृत्ती १९९४ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली, तेव्हा वॉल यांच्यापुढे अडचण अशी होती की कंसाला नवे अर्थ द्यावयाचे होते, पण कळफलकावरील बहुतेक विरामचिन्हे आधीच कामाला लागलेली होती. जे चिन्ह घ्यावे ते कोणाच्या तरी जुन्या नमुन्यात नांदत असणार, आणि त्याचा अर्थ बदलला की तो नमुना बिघडणार. अशा वेळी गावठाण चहूकडून भरले असताना वडीलधाऱ्यांनी राखून ठेवलेले गायरान गावाच्या उपयोगी पडावे, तशी ही फेटाळलेली जोडी उपयोगी पडली. कंसानंतरचे प्रश्नचिन्ह आजवर प्रत्येक वेळी नाकारले गेले होते. म्हणून ज्यात ते आहे असा एकही चालू नमुना पर्लमध्ये असू शकत नव्हता. म्हणून त्याला कोणताही अर्थ दिला तरी कोणाचेही नुकसान होणार नव्हते. पर्लच्या दप्तरात या निवडीची आणखी एक कैफियत नोंदलेली आहे ती अशी की, प्रश्नचिन्ह दिसताच वाचकाने थांबून येथे काय चालले आहे असा प्रश्न स्वतःला करावा.

याच्या उलट स्थिती पाहावयाची असेल तर लिपीच्या त्या शाखेकडे पाहावे जिला १९९२ च्या पॉसिक्स मानकात ‘बेसिक’ असे म्हटले आहे. तिच्यात गटाच्या, म्हणजे कंसाने बांधलेल्या भागाच्या, आरंभी आलेली तारका नाकारली जात नाही. ती साधी तारका समजून बिनदिक्कत स्वीकारली जाते. हे औदार्य त्या वेळी सोयीचे वाटले असेल, परंतु त्यामुळे ती जागा कायमची व्यापली गेली. उद्या तेथे नवा अर्थ बसवू म्हटले, तर शुद्ध तारका शोधणारे जुने नमुने आडवे येतील.

३

आता हे वाचन प्रत्यक्ष कसे होते ते पाहू. उदाहरणासाठी मी पायथॉन भाषेची मूळ लायब्ररी घेतो, कारण तिचे इंजिन, जे फ्रेड्रिक लुंड यांनी लिहिले आणि जे २००० पासून त्या भाषेत आहे, त्याचा पार्सर त्याच भाषेत लिहिलेला असून कोणालाही उघडून वाचता येतो.

समजा, नमुना असा आहे: (?:श्रीमती|श्री) (.+). पार्सर पहिले चिन्ह उचलतो. तो उघडणारा कंस आहे. पुढे प्रश्नचिन्ह आहे काय? आहे. म्हणजे हा साधा कंस नव्हे. त्यापुढील चिन्ह विसर्ग-सदृश दोन टिंबे आहेत. म्हणून हा कंस नुसता बांधणारा आहे, नोंद न घेणारा आहे, असा निर्णय होतो आणि गटक्रमांक खर्ची पडत नाही. मग आतील पर्याय वाचले जातात. ‘श्रीमती’ आधी आणि ‘श्री’ नंतर लिहिले आहे ते सहेतुक, कारण पर्लच्या घराण्यातील इंजिने पर्याय लिहिलेल्या क्रमाने तपासतात आणि ‘श्री’ आधी असते तर ‘श्रीमती’तही तेच प्रथम जुळून इंजिनाला मागे फिरावे लागते. बंद होणारा कंस आल्यावर गट संपतो. एक मोकळी जागा, आणि पुन्हा उघडणारा कंस. या खेपेस पुढे प्रश्नचिन्ह नाही, म्हणून हा नोंद घेणारा गट, आणि त्याचा क्रमांक १. ज्याला नाव हवे आहे त्याला पहिल्याच क्रमांकावर नाव मिळते. उपाधी बांधण्यासाठी वापरलेल्या कंसाने त्याच्या मोजणीत ढवळाढवळ केलेली नसते. पाणिनीच्या शास्त्रात इत्संज्ञक वर्ण जसे पुढील कार्याची सूचना देऊन स्वतः लोप पावतात आणि सिद्ध रूपात उरत नाहीत, तशीच ही प्रश्नचिन्ह आणि दोन टिंबे आहेत. शोधावयाच्या मजकुरात ती कोठेच नाहीत, पण त्यांच्यावाचून अर्थ सिद्ध होत नाही.

प्रश्नचिन्हानंतर दोन टिंबांऐवजी बरोबरीचे चिन्ह आले तर तो पुढे डोकावणारा गट: पुणे(?=कर) हा नमुना ‘पुणेकर’ या शब्दातील ‘पुणे’ एवढेच उचलतो, ‘कर’ तेथे आहे याची खात्री करून घेतो, पण त्याला स्पर्श करीत नाही. उद्गारचिन्ह आले तर त्याचा निषेध: पुणे(?!कर), म्हणजे ज्याच्यापुढे ‘कर’ नाही असेच पुणे. पौंडाचे चिन्ह, म्हणजे #, आले तर तो निव्वळ शेरा. पहिला बंद होणारा कंस येईपर्यंतचे सारे सोडून द्यावयाचे, आणि म्हणूनच शेऱ्याच्या आत बंद कंस लिहिण्याची मुभा नाही. ‘पेक्षा लहान’चे चिन्ह, म्हणजे <, आले तर मात्र आणखी एक चिन्ह पाहावे लागते: त्यापुढे बरोबरी किंवा उद्गारचिन्ह असेल तर तो मागे वळून पाहणारा गट, जो पर्लमध्ये १९९८ साली आला. आणि यांपैकी काहीच नसेल, म्हणजे पार्सरला अपरिचित असे चिन्ह प्रश्नचिन्हामागून आले, तर तो अंदाज बांधत नाही. अपरिचित विस्तार असा शेरा मारतो, नमुन्यातील कोणत्या स्थानी तो आढळला ते सांगतो, आणि काम थांबवितो.

४

चिन्हे ओळखली म्हणजे पार्सरचे काम संपले असे नव्हे. त्याला एक लहानसे दप्तर बाळगावे लागते. कोणते गट उघडले आहेत आणि कोणते बंद झाले याची नोंद त्यात असते, कारण जो गट अद्याप बंद झालेला नाही त्याच्याच आत त्याचा उल्लेख करणे पायथॉनमध्ये नियमबाह्य आहे. कोणते नाव कोणत्या क्रमांकाला दिले याची नोंद असते. तेच नाव दुसऱ्यांदा आले तर पूर्वी ते कोणत्या गटाचे होते हेही दाखवून पार्सर ते नाकारतो. नाव कसे असावे याचाही नियम आहे: पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत जे शब्द चलाचे नाव म्हणून चालतात तेच गटाचे नाव म्हणून चालतात, आणि तो नियम युनिकोडच्या आधाराने बांधलेला असल्यामुळे ‘वर्ष’, ‘महिना’, ‘गाव’ अशी देवनागरी नावे गटांना बिनहरकत देता येतात. मराठी दस्तऐवजांवर काम करणाऱ्यांनी या मुभेचा उपयोग करावा असे मला मनापासून वाटते. तीन महिन्यांनी नमुना पुन्हा उघडणाऱ्याला क्रमांक ३ काहीच सांगत नाही, ‘गाव’ हा शब्द सगळे सांगतो.

तिसरी नोंद लांबीची. मागे वळून पाहणाऱ्या गटाला किती अक्षरे मागे जावयाचे हे ठाऊक असावे लागते. (?<=रु) हा गट दोन चिन्हे मागे जातो, कारण ‘र’ आणि उकाराची खूण ही युनिकोडमध्ये दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. पण (?<=रुपये|रु) असे लिहिले तर एका पर्यायाची लांबी पाच आणि दुसऱ्याची दोन होते, आणि पायथॉनची लायब्ररी लांबी निश्चित नाही म्हणून नमुना फेटाळते. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये एक्झिम या टपालवाहक प्रणालीसाठी लिहावयास घेतलेली पीसीआरई ही लायब्ररी मात्र हा नमुना चालवून घेते, कारण प्रत्येक पर्यायाची लांबी स्वतंत्रपणे निश्चित असली तरी तिला पुरते; आणि डॉटनेट या प्रणालीची लायब्ररी लांबीचे बंधनच ठेवीत नाही. म्हणजे चिन्हे तीच, व्याकरण तेच, पण स्वीकाराची हद्द निरनिराळी.

चौथी गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. प्रश्नचिन्हानंतर काही ठरावीक रोमन अक्षरे आली तर ती वाचनाचे नियमच बदलतात. त्यांपैकी ‘एक्स’ हे अक्षर सांगते की नमुन्यातील मोकळ्या जागा दुर्लक्षाव्या आणि # नंतरचा मजकूर शेरा समजावा. पण हा हुकूम वाचण्यापूर्वी पार्सरने जे वाचले असेल ते जुन्या नियमाने वाचले असणार. पायथॉनच्या पार्सरने यावर सरळ तोड काढली आहे: असा हुकूम संपूर्ण नमुन्याला उद्देशून आला आणि तो आधी लागू नव्हता असे आढळले, की आतापर्यंतचे वाचन टाकून देऊन आरंभापासून नव्या नियमाने फेरवाचन करावयाचे.

५

गटाला नाव देण्याची कल्पना पायथॉनच्या मंडळींनी प्रथम व्यवहारात आणली, आणि त्या वेळी जे घडले ते सार्वजनिक सौजन्याचा एक उत्तम दाखला आहे. १९९७ च्या अखेरीस पायथॉनची १.५ ही आवृत्ती सिद्ध होत असताना पायथॉनचे कर्ते गीदो व्हान रोस्सम यांनी पर्लच्या कर्त्यांना पत्र लिहून विनंती केली की, कंस आणि प्रश्नचिन्ह यांच्यानंतर येणारे ‘पी’ हे अक्षर पायथॉनच्या स्वतःच्या विस्तारांसाठी राखून ठेवावे. पर्लने त्या अक्षरावर हक्क सांगितला नाही. गायरानातील एक तुकडा शेजाऱ्याला सनदेने तोडून देण्यासारखाच हा प्रकार होता, आणि ती सनद आजतागायत पाळली गेली आहे: पायथॉनमध्ये गटाचे नाव ‘पी’ या अक्षरानंतर < आणि > या दोन चिन्हांच्या आत लिहितात.

२००२ मध्ये डॉटनेट आले, आणि त्याने ‘पी’ वगळून (?<वर्ष>…) अशी मांडणी स्वीकारली. मागे वळून पाहणाऱ्या गटाचा आरंभही याच तीन चिन्हांनी होतो. तरीही गोंधळ होत नाही, कारण बरोबरी किंवा उद्गारचिन्ह यांनी कोणत्याही नावाचा आरंभ होत नाही आणि पार्सरला एकच चिन्ह पुढे पाहून निर्णय करता येतो. २००७ मध्ये पर्लच्या ५.१० आवृत्तीने ही मांडणी घेतली आणि सोबत ‘पी’ असलेलीही मान्य केली. २०११ मध्ये जावाने, २०१८ मध्ये जावास्क्रिप्टने आणि २०२४ मध्ये गो भाषेने तिचा अंगीकार केला. पायथॉनची मूळ लायब्ररी आपल्या वहिवाटीला धरून राहिली, आणि ‘पी’ नसलेले नाव दिसताच अपरिचित विस्तार म्हणून ते नाकारते.

हा नकार पुष्कळांना त्रासदायक वाटतो. मला तो हितकारक वाटतो, आणि त्याचे कारण पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. (?<वर्ष>…)-(…)-(…) हा तारखेचा नमुना घ्या. पर्लमध्ये नामांकित गटालाही कंसांच्या क्रमानेच क्रमांक मिळतो, म्हणून वर्षाचा क्रमांक १. डॉटनेटमध्ये बिननावाच्या गटांना आधी क्रमांक दिले जातात आणि नामांकितांना त्यांच्यानंतर. म्हणून तेथे महिना १, दिवस २ आणि वर्ष ३. दोन्ही लायब्ऱ्या हा नमुना स्वीकारतात, दोन्ही मजकूर जुळवून देतात, कोणीही तक्रार करीत नाही, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेलेली आज्ञावली वर्षाच्या जागी महिना लिहून मोकळी होते. पायथॉनचा नकार माणसाला दोन मिनिटे अडवितो. हा होकार वर्षानुवर्षांच्या नोंदी बिघडवू शकतो.

६

नकार देण्यात कुचराई केली तर पुढे काय किंमत मोजावी लागते, याचे सविस्तर उदाहरण जावास्क्रिप्टचे आहे. त्या भाषेच्या आरंभीच्या काळात एक सवलत रूढ झाली की, उलट्या तिरप्या रेघेनंतर अर्थ नसलेले अक्षर आले तर रेघ सोडून द्यावी आणि नुसते अक्षर घ्यावे. या सवलतीमुळे रेघेनंतरचे ‘के’ म्हणजे साधे ‘के’ झाले. २०१८ मध्ये नामांकित गट आले आणि त्या नावाचा पुन्हा उल्लेख करण्यासाठी नेमके हेच चिन्ह इतर भाषांत रूढ होते. ते घ्यावे तर जुने नमुने बिघडतील; न घ्यावे तर भाषा एकटी पडेल. शेवटी तडजोड झाली ती अशी: नमुन्यात कोठेही एक तरी नामांकित गट असेल तर ते चिन्ह नावाचा उल्लेख समजावे, आणि एकही नसेल तर साधे अक्षर. परिणाम असा झाला की, नमुन्याच्या पहिल्याच अक्षराचा अर्थ शेवटच्या कंसावर अवलंबून राहू शकतो, आणि पार्सरला निर्णय देण्यापूर्वी संपूर्ण नमुना एकदा चाळून यावे लागते. रेघेनंतर येणाऱ्या आकड्यांचेही तेच: तो गटाचा उल्लेख की जुन्या पद्धतीचा अष्टमान अंक, हे नमुन्यात एकंदर गट किती आहेत ते मोजल्यावाचून सांगता येत नाही.

त्याच भाषेने आपल्या दुसऱ्या भागात उलट मार्ग धरला, आणि त्याचे फळही आपल्यासमोर आहे. २०१५ मध्ये युनिकोडसाठी ‘यू’ नावाची जी नवी रीत सुरू झाली तिच्यात ही सवलत काढून घेण्यात आली. अर्थ नसलेले प्रत्येक रेघयुक्त अक्षर तेथे चूक ठरले. तीनच वर्षांनी, २०१८ मध्ये, त्या रीतीत रेघेनंतरच्या ‘पी’ या अक्षराला नवा अर्थ देता आला: युनिकोडमधील गुणधर्मावरून अक्षरे निवडणे. एखाद्या मजकुरातील केवळ देवनागरी लिपीची अक्षरे निवडावयाची असतील तर ती आज ब्राउझरमध्ये एका छोट्या नमुन्याने निवडता येतात, ती याच सोयीमुळे. जुन्या सैल रीतीत ती सोय आजही नाही, कारण तेथे ते चिन्ह साधे ‘पी’ म्हणून आधीच स्वीकारले गेले होते. म्हणजे मराठी मजकुराला मिळालेली ही सोय तीन वर्षांच्या काटेकोर नकारावर उभी आहे.

पायथॉनच्या इतिहासातही हाच धडा दोन बाजूंनी आहे. संपूर्ण नमुन्याला लागू होणारे हुकूम नमुन्याच्या मध्यभागी लिहिण्याची मुभा तेथे होती; पर्लमध्ये तसा हुकूम तेथून पुढे लागू होई, पायथॉनमध्ये मागेपुढे सर्वत्र. ही मुभा गैरसमजाचे मूळ आहे हे उमजून २०१६ च्या ३.६ आवृत्तीत तिच्याविरुद्ध इशारा देण्यास आरंभ झाला, आणि ती प्रत्यक्ष बंद होण्यास २०२२ ची ३.११ आवृत्ती उजाडावी लागली. याउलट त्याच ३.११ मध्ये (?>…) हा गट नव्याने आला, जो एकदा जुळलेला मजकूर परत सोडून देत नाही, आणि त्याच्या जोडीने लागोपाठ दोन अधिकचिन्हांना अर्थ मिळाला. पहिल्याला पूर्वी अपरिचित विस्तार म्हणून आणि दुसऱ्याला दुहेरी पुनरावृत्ती म्हणून पार्सर नेहमी फेटाळत आला होता. म्हणून ही भर घालताना कोणालाही इशारा द्यावा लागला नाही, मुदत द्यावी लागली नाही, आणि एकही चालू नमुना मोडला नाही. मुभा काढून घेण्यास सहा वर्षे लागली. नकाराचे रूपांतर होकारात होण्यास एक आवृत्ती पुरली.

७

नकाराचा आणखी एक, अधिक प्रौढ प्रकार आहे, तो म्हणजे ओळखून नाकारणे. रस कॉक्स यांनी गूगलमध्ये लिहिलेली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली आरई२ ही लायब्ररी, तिच्याच विचारसरणीची गो भाषेची लायब्ररी आणि अँड्र्यू गॅलंट यांची रस्ट भाषेतील लायब्ररी या तिन्ही अशी हमी देतात की, शोधाला लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढेल. तो अकस्मात भडकणार नाही. या हमीसाठी त्यांनी पुढे डोकावणारे आणि मागे पाहणारे गट आणि आधीच्या गटाचा पुन्हा उल्लेख या सोयी सोडून दिल्या. परंतु त्यांचे पार्सर या चिन्हांविषयी अज्ञानी नाहीत. गोचा पार्सर सांगतो की हे पर्लचे अवैध किंवा असमर्थित चिन्ह आहे. रस्टचा पार्सर तर स्पष्ट शब्दांत सांगतो की पुढे-मागे डोकावणारे गट येथे समर्थित नाहीत, आणि नमुन्यातील नेमक्या त्या जागेखाली खूण करून दाखवितो. समोरचा मनुष्य काय मागतो आहे ते समजून घेऊन मग दिलेला नकार हा मागणाऱ्याचा मान राखणारा नकार असतो. त्याने त्याचे अर्धे काम झालेले असते.

हद्दीचाही विचार येथेच येतो. मघाशी सांगितलेले चार उपक्रम एकमेकांना पाचारण करीत खोल जातात, आणि प्रत्येक पायरीला स्मृतीचा थोडा भाग खर्च होतो. कोणी दुष्टबुद्धीने लक्षावधी कंस एकात एक लिहून पाठविले तर ती स्मृती संपून सारी प्रणाली कोसळू शकते. गो भाषेच्या लायब्ररीत हा दोष आढळला, आणि २०२२ च्या मार्चमध्ये कंसांच्या खोलीला हजाराची मर्यादा घालून त्याचा बंदोबस्त करण्यात आला. रस्टच्या पार्सरने आरंभापासून उघड्या गटांची चवड स्वतंत्र राखली असून, प्रचलित मर्यादा २५० ठेवली आहे. ज्या पार्सरपुढे अनोळखी लोकांनी लिहिलेले नमुने येतात, त्याला अशी मर्यादा असणे हे त्याच्या शुद्धतेचाच भाग मानले पाहिजे.

८

श्रोतेहो, आपल्यापैकी जे तरुण संगणकाच्या व्यवसायात आहेत त्यांना केव्हा ना केव्हा अशी एखादी लहानशी लिपी स्वतः रचावी लागेल. कोणी अर्जांच्या छाननीचे नियम लिहिण्यासाठी रचील, कोणी जुन्या कागदपत्रांच्या सूचीसाठी, कोणी पत्रांच्या मसुद्यांत नावे भरण्यासाठी. त्या वेळी सौजन्य म्हणून जे येईल ते चालवून घेण्याचा मोह फार होतो. वापरणाऱ्याला चुकीचा शेरा दाखविणे निष्ठुर वाटते, आणि काहीतरी अर्थ लावून पुढे जाणे माणुसकीचे वाटते. मी आज जे दाखले दिले ते याच मोहाविरुद्ध आहेत. ज्या चिन्हाला तुम्ही अर्थ दिलेला नाही ते स्वीकारू नका. नाकारताना कोठे आणि का नाकारले ते सांगा. जे ओळखता पण देऊ शकत नाही, त्याचे नाव घेऊन नकार द्या. आणि हा नकार आज एका ठिकाणी व उद्या दुसऱ्या ठिकाणी असा लहरी ठेवू नका, कारण एकदाही स्वीकारलेले चिन्ह कोणाच्या तरी नमुन्यात घर करते आणि मग ते कोणालाच हलविता येत नाही.

स्पेन्सर यांनी १९८६ मध्ये तो शेरा लिहिला तेव्हा त्यांच्यापुढे केवळ आपल्या लायब्ररीची शुद्धता होती. आठ वर्षांनी त्या एका नकारातून जी जागा मिळाली तिच्यात बांधणारे, डोकावणारे, नाव धारण करणारे गट उभे राहिले, आणि आज कोट्यवधी यंत्रांवर ते चालतात. भविष्यात कोणाला काय लागेल हे आपणाला सांगता येत नाही. पण त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ती मोकळी ठेवण्याचा काटेकोर वाचनाहून खात्रीचा दुसरा उपाय मला ठाऊक नाही.